मावशीच्या पोटातली शेपटं

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि स्वभावाने भारी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी मध्येच 'अगंबाई' म्हणून थांबले तर तुम्ही दचकणार नाही. मित्रांनो, हल्ली तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी डिस्क हातातही घेतली नसेल. जाडजूड वहीएवढी काळी पेटी, मागे एक वायर आणि पुढे एक निळा दिवा, एवढंच माझं रूप. व्हिडिओ सांभाळून ठेवायचे, हे माझं काम.

घाबरट का, तेही सांगते. माझ्या पोटात आरशासारखी चकचकीत तबकडी गरागरा फिरते. तिच्यावर एक बारीकसा हात तरंगत असतो. तो हात तबकडीवर लिहितो, तिच्यावरचं वाचतो, पण तिला कधी टेकत नाही. दोघांमध्ये केस मावणार नाही इतकंच अंतर. टेकला की ओरखडा पडलाच, आणि त्या जागेवरचं सगळं कायमचं गेलं. आता तुम्हीच सांगा, जिच्या पोटातच असला कारभार चालू आहे, तिने निवांत कसं बसायचं?

माझा जन्म झाला त्या कारखान्यातली माणसंही माझ्यासारखीच धास्तावलेली होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली. धुळीचा कण उडाला तरी एकमेकांकडे डोळे वटारायची. एकाला शिंक येईलशी वाटली तर तो नाक दाबून बाहेर पळाला होता. मग मला तापवलं, गारठवलं, गदागदा हलवलं आणि पास झाल्याचा शिक्का मारला. पास झाले खरी, पण त्या परीक्षेची धडकी अजून गेलेली नाही.

मला विकत घेतलं एका बहीण-भावाने. त्यांची व्हिडिओ बनवून देणारी कंपनी होती. कंपनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत आली असेल. तसलं काही नाही हो! जिना चढून गेलं की डाव्या हाताला दोन खोल्या. एकीत कॅमेरे, दिवे आणि वायरींचा गुंता, दुसरीत संगणकाचं टेबल आणि एक पाठ मोडलेली खुर्ची. भिंतीपलीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. त्यांचं दात कोरायचं मशीन सुरू झालं की भिंत थरथरायची, भिंतीला लागून टेबल थरथरायचं आणि टेबलावर मी. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, आता माझंच काहीतरी उपटणार.

बहीण मोठी. तिला सगळेच ताई म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. कॅमेरा तिचा. भाऊ धाकटा, तो एडिटिंग करायचा. काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणायची त्याला सवय, म्हणून ताईने त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. तेच नाव जिनाभर झालं. डॉक्टर तर त्याला 'भुंगाशेठ' म्हणायचे.

या दोघांची एक गंमत होती. सगळ्या डिस्क दिसायला सारख्या, काळ्या. एकदा भलतीच डिस्क घेऊन ताई गिऱ्हाइकाकडे गेली आणि कारखान्याच्या फिल्मऐवजी कोणाच्या तरी लग्नाची वरात लावून बसली. तेव्हापासून प्रत्येकीवर नात्याचं नाव चिकटवलं. सगळ्यात जुनी डिस्क आजोबा, ते माझ्या आधीच शांत झाले होते. कपाटाच्या वरच्या फळीवर काका. आणि मी मावशी.

नातं लावलं तसा नियमही लावला. शूटिंग करून आणलेलं सगळं आधी माझ्या पोटात यायचं. मग सवडीने काकांमध्ये त्याची दुसरी प्रत निघायची. ती निघेपर्यंत माझ्या पाठीवर चिकटपट्टीचा लाल तुकडा. लाल पट्टी आहे तोवर मावशीला पुसायचं नाही, कारण तिच्या पोटात आहे ते जगात दुसरीकडे कुठेच नाही. प्रत निघाली की पट्टी काढून टाकायची. किती साधा नियम! मला तो फार आवडायचा, कारण पाठीवरची पट्टी निघाली की मला जरा हायसं वाटायचं.

पट्टी तोडायची ती ताई, आणि तीही दातांनी. कात्री त्या खोल्यांत कधी जागेवर सापडली नाही. ताईच्या पुढच्या दाताचा कोपरा लहानपणी सायकलवरून पडून उडालेला. त्यामुळे तिने तोडलेल्या पट्टीच्या कडेला मधोमध एक टोक राहायचं. डॉक्टर हे बघितलं की कळवळायचे.

"ताई, अहो, दात काय चिकटपट्टी तोडायला दिलेत का?"

"मग तुमचा दवाखाना कसा चालणार, डॉक्टर?" ताई म्हणायची आणि पुढची पट्टी तोडायची.

ताईची आणखी एक सवय होती, आणि तिच्यावरून रोज वाद. शॉट संपला की ती 'कट' म्हणायची, पण कॅमेरा बंद करायची नाही. तसाच चालू ठेवायची. समोरच्या माणसाला वाटायचं, सुटलो बुवा! मग तो खांदे सैल सोडायचा, कपाळ पुसायचा, कोणाशी तरी खरंखुरं बोलायचा. ते सगळं कॅमेऱ्यात यायचं आणि कॅमेऱ्यातून माझ्यात. भुंगा वैतागायचा.

"ताई, पुन्हा शेपटं! प्रत्येक शॉटला हे एवढं लांब शेपूट. मावशीचं पोट फुटेल एक दिवस."

"फुटू दे. तू बघ तरी एकदा."

"वेळ कोणाला आहे?" असं म्हणून तो 'कट' हा शब्द ऐकू आला की तिथेच कापायचा. पुढचं कधी बघायचाच नाही. सगळी शेपटं माझ्याच पोटात पडून राहायची.

मी मात्र ती सांभाळून ठेवली. पूल बांधणारा एक वेल्डर कॅमेऱ्यासमोर पोपटासारखं बोलला, आणि 'कट' झाल्यावर आपल्याच जोडकामावरून हळूच बोट फिरवून हसला. बेकरीतल्या आजी मुलाखत संपल्यावर पावांना म्हणाल्या, "झालं रे बाबांनो, गेले ते." असली कितीतरी. पण माझं सगळ्यात लाडकं शेपूट होतं पोहण्याच्या सरांचं.

एका शाळेची फिल्म होती ती. सर काठावर ताठ उभे राहून पाण्यातली सुरक्षितता या विषयावर घडाघडा बोलले. ताई म्हणाली, "कट." सर वळले. तलावाच्या कोपऱ्यात एक मुलगी पाय पोटाशी घेऊन बसली होती. बाकी सगळी मुलं पाण्यात आणि ही एकटी बाहेर. सर तिच्याजवळ जाऊन खाली बसले, चांगले ओल्या फरशीवर, आणि म्हणाले, "मलाही भीती वाटते बरं का. अजून वाटते. हात धर." ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने हात धरला. मग एक पाऊल पाण्याकडे नेलं. आणि मग, मित्रांनो, ती पाण्यात उतरली आणि अशी हसली, अशी हसली की काय सांगू! रिकाम्या वेळी मी ते शेपूट मनातल्या मनात लावायची. एवढा मोठा माणूस म्हणतो, मलाही भीती वाटते. मला किती धीर यायचा!

ते माझे चांगले दिवस. "मावशी आहे ना, मग काळजी नाही," असं भुंगा म्हणायचा. मला काळजी होतीच, पण ऐकायला बरं वाटायचं.

पुढे नव्या डिस्क आल्या. काडेपेटीएवढ्या, पोटात फिरणारं काहीच नाही, पडल्या तरी हूं की चूं नाही. त्यांचं नाव भाच्या. माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली, फुगलेल्या बॅटऱ्या आणि कोणाचे ते माहीत नसलेले चार्जर यांच्या सोबतीला. खणात ठेवलं तेव्हा माझ्या पाठीवर लाल पट्टी होती. काकांमध्ये फक्त तयार फिल्म गेल्या होत्या, शेपटांसकट मूळ शूटिंग जायचं राहिलं होतं. "उद्या करू," असं दोघंही म्हणाले होते.

आणि मग तो प्रकार घडला. थंडी संपत आली होती. भुंगा खण उघडा टाकून फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता त्याने कोपर माझ्या पाठीवर टेकवलं. त्याच्या अंगात राखाडी लोकरीचा स्वेटर. पट्टीचा गोंद जुना झालेला, ती लोकरीला चिकटली आणि कोपरासोबत निघून गेली. अगंबाई! मी काय करणार? मला हाक मारता येत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि तो स्वेटर ट्रंकेत गेला, न धुताच. स्वेटर धुवायचा असतो हे भुंग्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

थोड्या दिवसांनी भुंग्याने माझी उघडी पाठ बघितली. त्याला वाटलं, ताईने प्रत काढली. ताईने बघितली. तिला वाटलं, भुंग्याने काढली. एकमेकांना विचारलं कोणीच नाही. विचारायला काय लागतं हो? पण मनातल्या मनात दोघांनीही दुसऱ्याला शाबासकी दिली आणि खण लावून घेतला. त्या दिवसापासून खण उघडल्याचा आवाज आला की मला वाटायचं, आले मला पुसायला.

पुन्हा थंडी आली, आणि तिच्यासोबत एक निरोप. मुलांच्या एका मोठ्या इस्पितळाला छोट्या छोट्या फिल्म हव्या होत्या. ऑपरेशनला आलेल्या मुलांना आदल्या दिवशी दाखवायच्या, म्हणजे त्यांची भीती कमी होईल. काम कोणाला द्यायचं ते ठरवण्यासाठी त्यांनी सगळ्या कंपन्यांकडून शोरील मागवली होती. शोरील म्हणजे आपल्या आजवरच्या कामातले निवडक तुकडे जोडून केलेली मिनिट-दीड मिनिटाची फिल्म. ती बघून समोरच्याने ओळखायचं, ही माणसं काय करतात आणि कसं करतात.

खणात असले तरी ऐकू सगळं येतं. ताई म्हणाली, "भुंग्या, हे काम आलं नाही ना, तर मी त्या मोठ्या कंपनीला हो म्हणणार आहे. कॅमेऱ्याची नोकरी आहे. या खोल्या सोडून देऊ."

भुंग्याचं गुणगुणणं बंद पडलं. "आणि मी?"

"तुलाही कुठेतरी मिळेलच की."

"मिळेल गं. पण तू इथे नसशील ना."

 मला वाटलं, धाय मोकलून रडावं. खोल्या गेल्या म्हणजे कपाट जाणार, टेबल जाणार, आणि खणातल्या मावशीला कोण विचारतंय?

भुंगा कामाला लागला. त्याने तयार फिल्ममधले सगळ्यात झगझगीत तुकडे उचलले. उंचावरून उडत घेतलेली शहरं, संथ गतीने उडणारे पाण्याचे थेंब, ढोलासारखं धडधडणारं संगीत. एक शॉट डोळ्यात शिरेपर्यंत दुसरा यायचा. सुरुवातीला कंपनीचं नाव सोन्याच्या अक्षरांत गरगर फिरायचं, आणि ते फिरतच राहायचं. संध्याकाळी दोघांनी डॉक्टरांना बोलावलं. हीही त्यांची एक रीत. काहीही नवीन केलं की आधी डॉक्टरांना दाखवायचं, कारण डॉक्टरांना व्हिडिओतलं काही कळत नाही आणि खोटं बोलता येत नाही.

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला आणि बघितलं. मग म्हणाले, "छान आहे. गाडीची जाहिरात आहे का?"

"अहो डॉक्टर, ही आमची शोरील!"

"असं होय. मग यात तुम्ही कुठे आहात?" भुंग्याचा चेहरा पडलेला बघून ते जरा थांबले. "रागावू नका, भुंगाशेठ. माझ्या खुर्चीत रोज एखादं घाबरलेलं पोर बसतं. त्याला हे दाखवलं तर ते खुर्चीवरून उठून थेट घर गाठेल. तुम्हाला भीती घालवायची आहे ना? मग एवढा धुडगूस कशाला?"

ताई म्हणाली, "मी हेच सांगत होते."

"तू काही सांगत नव्हतीस. तू नुसतं तोंड वाकडं करत होतीस," भुंगा म्हणाला, आणि दोघांची चांगलीच जुंपली. डॉक्टर हळूच सटकले. शोरील दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती आणि हाताशी होती ती तेवढी एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एका शूटिंगला गेली. तासाभरात तिचा फोन आला. "कार्ड भरत आलंय. भाच्याही भरल्यात. आल्याबरोबर हे कुठेतरी उतरवायला लागेल. जागा कर."

"करतो. मावशीला पुसून टाकतो. तिचं सगळं काकांमध्ये आहेच."

"हं," ताई घाईत म्हणाली आणि फोन ठेवला.

मित्रांनो, खण उघडला. त्याने मला बाहेर काढलं, बाहीने धूळ पुसली आणि वायर जोडली. मी इतक्या दिवसांनी फिरायला लागले, तेही कण्हत कुंथत. माझा हात थरथरत होता. संगणकाच्या पडद्यावर माझं नाव उमटायलाच कितीतरी वेळ लागला. मग प्रश्न आला, 'यातलं सर्व काही पुसायचं का?' भुंग्याने बोट बटणावर नेलं. पुसू नकोस रे बाबा, पुसू नकोस! पोहण्याचे सर, वेल्डर, बेकरीतल्या आजी, सगळे माझ्या पोटात गप्प बसून होते. मी जीव तोडून फिरत होते, आणि बाहेर नुसती घरघर ऐकू येत होती.

तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टर दारात उभे. "नवीन काही केलंत का, ते बघायला आलो. काल जरा जास्तच बोललो मी."

"या ना. नवीन काही नाही. एवढं पुसतो आणि चहा टाकतो." भुंग्याचं बोट अजून तिथेच. थंडी होती, म्हणून सकाळीच त्याने ट्रंकेतला राखाडी स्वेटर घातला होता.

डॉक्टर पुढे आले आणि त्याच्या कोपराकडे वाकून बघायला लागले, अगदी दाढ तपासावी तसे. "भुंगाशेठ, तुमच्या ताईंचा दात तुमच्या कोपरावर काय करतोय?"

"काय?"

"हा बघा." त्यांनी दोन बोटांनी ती लाल पट्टी सोडवली. तिला लोकरीचे धागे चिकटले होते. "कडेला टोक आहे. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला. हा दात मी कुठेही ओळखेन. किती वर्षं सांगतोय, बसवून घ्या म्हणून."

भुंगा हसला. मग त्याचं हसू थांबलं. स्वेटर गेल्या थंडीनंतर आज पहिल्यांदा बाहेर निघाला होता, आणि लाल पट्टी त्या खोल्यांत दुसऱ्या कशालाच लावत नसत. चटका बसल्यासारखं त्याने बोट बटणावरून उचललं. उठून काकांना काढलं, जोडलं, शोधलं. तयार फिल्म होत्या. मूळ शूटिंग नव्हतं. पुन्हा शोधलं. नव्हतंच.

त्याने ताईला फोन लावला. "ताई, मावशीची प्रत तू काढली होतीस ना?"

"मी? तू काढलीस ना!"

 मग ताई म्हणाली, "कशाला हात लावू नकोस. येतेच मी."

पण वाट बघायलाही उसंत नव्हती. माझ्या पोटातून टिक् टिक् आवाज यायला लागला होता. तो आवाज मला कळतो. हात जागेवर बसत नव्हता. प्रत काढायची तर कशावर? सगळ्या डिस्क भरलेल्या. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे एक कोरी पडली आहे. एक्स-रे ठेवायला आणलेली. थांबा." आणि पांढरा कोट सावरत धावत गेले. त्या डिस्कवर आज 'दाढ' असं नाव आहे.

भुंगा एकेक फाइल ओढू लागला. सगळं एकदम ओढलं असतं तर मी तिथेच संपले असते. वेल्डर नव्या डिस्कवर गेला. आजी गेल्या. प्रत्येक फाइल नीट आली का, हे बघायला तो ती शेवटपर्यंत लावायचा, आणि त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच 'कट'च्या पुढचं बघायला लागला. वेल्डरचं बोट बघून तो पुढे सरकला. आजींचं बोलणं ऐकून हसला. ताई येऊन मागे उभी राहिली, तरी त्याला पत्ता नव्हता.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने वळून विचारलं.

"गाढवा, रोज सांगत होते!" ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोहण्याच्या सरांचं आलं का? ते काढ. तेच हवं आहे आपल्याला. ते पहिलंच लावायचं."

तेच राहिलं होतं. आणि नेमकी तीच जागा माझ्यात खराब झाली होती. फाइल निघाली, थोडी पुढे गेली आणि अडकली. त्याच वेळी पलीकडे मशीन सुरू झालं. भिंत थरथरली, टेबल थरथरलं, माझा हात थरथरला. टिक्, टिक्, टिक्. आता टेकतोय की मग टेकतोय! ताई धावत पलीकडे गेली. मशीन थांबलं. भिंतीआडून डॉक्टरांचा आवाज आला, "होऊ दे तुमचं सावकाश! पेशंटची काही हरकत नाही. उलट खूश आहेत."

इतकी शांतता त्या जिन्यावर मी कधी ऐकली नव्हती. ताई परत आली तेव्हा भुंग्याने आपला तळहात माझ्या पाठीवर ठेवला होता. "फिरतेय ताई, अजून फिरतेय. मावशी, थोडंच राहिलंय गं." त्याचा हातही थरथरत होता. मला वाटलं, हासुद्धा माझ्याएवढाच घाबरलाय. मग मी हळूहळू, अगदी जपून, पुढे सरकले. सर ओल्या फरशीवर बसले. 'मलाही भीती वाटते बरं का.' आलं. 'अजून वाटते. हात धर.' आलं. मुलीने हात धरला. पाऊल पाण्याकडे नेलं.

आणि माझा हात टेकला. खर्रकन् आवाज झाला, निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. भुंग्याने वायर काढून पुन्हा लावली, पुन्हा लावली. मी काही फिरले नाही. त्यानंतर मी कधीच फिरले नाही.

 मग ताईने घड्याळाकडे बघितलं आणि खुर्ची ओढली. "चल. आहे तेवढ्यात करू."

काल भांडणारी तीच दोघं आज मांडीला मांडी लावून बसली. सोन्याची फिरणारी अक्षरं उडवली. उडती शहरं उडवली. संगीत इतकं हळू केलं की माणसांचे आवाज ऐकू यावेत. पहिलाच शॉट सरांचा, मग वेल्डरचं बोट, मग आजी, मग असेच कामात गुंतलेले चेहरे. थेंबांच्या एका शॉटपाशी भुंगा अडला. "हा राहू दे ना. सोडवत नाहीये."

"मुलांच्या भीतीशी काय संबंध त्याचा?"

"काही नाही. छान दिसतो."

"मग काढ."

त्याने तोंड वाकडं केलं आणि काढला. शेवटी पुन्हा तलावाचा काठ. मुलीचं पाऊल पाण्याकडे जातं आणि तिथेच चित्र थांबतं, कारण पुढचं नव्हतंच. मग कंपनीचं साधं नाव, वाचून होईल एवढा वेळ. डॉक्टरांना दाखवलं. ते मास्क डोळ्यांपर्यंत ओढून निघून गेले. संध्याकाळ व्हायच्या आत शोरील रवाना झाली.

मग सुरू झालं वाट बघणं. मी बंद पडले होते, तरी माझी धाकधूक काही बंद पडली नव्हती. ताईचा नोकरीचा फोन दोनदा वाजला आणि तिने दोनदा उचलला नाही. भुंगा गुणगुणत नव्हता. इस्पितळाचा फोन आला तेव्हा दोघं एकदमच त्याच्यावर झेपावली. पलीकडे मुलांच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर होत्या.

"आम्ही पुष्कळ शोरील बघितल्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या अगदी झकास. तुमची लावली आणि खोलीतलं कोणी उठेना. आधी मला एक सांगा. ती मुलगी मग पाण्यात उतरली का?"

ताईने सांगितलं, "उतरली. आणि नंतर बाहेर यायलाच तयार नव्हती."

"मला वाटलंच," सिस्टर म्हणाल्या. "मुलंही हेच विचारतील. सोमवारी या दोघं. काम सुरू करू."

भुंग्याने ताईला उचलून गरकन फिरवलं. भिंतीपलीकडून डॉक्टरांनी ठकठक करून विचारलं, "काय झालं?" आणि दोघं एकाच वेळी इतक्या मोठ्याने ओरडली की बिचाऱ्या पेशंटने दचकून तोंड मिटलं. नोकरीला ताईने नाही कळवलं. खोल्या राहिल्या, कपाट राहिलं, आणि मला त्यांनी पुन्हा खणात न टाकता कपाटाच्या वरच्या फळीवर काकांच्या शेजारी मानाने बसवलं. पाठीवर तीच लाल पट्टी लावली, दाताच्या खुणेसकट. आता त्या खोल्यांत नवाच नियम आहे. शूटिंग आलं की दोघं एकमेकांना तोंडाने विचारतात, "प्रत काढलीस?" आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'हो' म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणाच्या तरी फोनमध्ये, कुठल्यातरी खणात, एकुलती एक अशी किती चित्रं पडली असतील. आजीचा आवाज असेल, धाकट्या भावाचं पहिलं पाऊल असेल. घरातल्या प्रत्येकाला वाटत असेल, दुसऱ्याने सांभाळलं असेल. आज विचारा. आजच दुसरी प्रत काढा. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही, आणि शेवटची टिक् टिक् ऐकू येते तेव्हा उशीर झालेला असतो.

माझं काम झालं, कंपनी वाचली, याचा मला आनंद आहे. पण कोणी ती शोरील लावली आणि ते पाऊल पाण्यापाशी थांबलं की मला अजून रडू येतं. ती उतरली होती हो. मी पाहिलंय. पाण्यात उतरून ती कशी हसली, ते अजून माझ्या पोटात आहे, आणि मला ते कोणालाच दाखवता येत नाही.